विहीर तहान लागण्याआधी खणायची

आपल्याकडे पुढारपण बहुतेकांना मागून मिळत नाही, ते अंगावर येऊन पडते. मशिदीच्या ट्रस्टचे सदर, जमातीचे सेक्रेटरी, उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका, बचत गटाची अध्यक्षा, चाळीतल्या सर्वांची रेशनकार्डे करून देणारे चाचा, आणि अब्बांच्या इंतकालानंतर धाकट्या भावंडांना सांभाळणारी घरातली थोरली आपा. यांच्यापैकी कोणी नेतृत्वाचा कोर्स केलेला नसतो. लोक दारात येतात, "आता काय करायचे ते तुम्हीच सांगा" म्हणतात, आणि त्या दिवसापासून माणूस पुढारी होतो.

या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल आपण खूप बोलतो. त्यांच्या ताणाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. वास्तविक चांगल्या, नेक माणसाच्या हातून वाईट निर्णय होतो तेव्हा अनेकदा त्याची नियत खराब नसते. रात्रभर झोप झालेली नसते, दारात पन्नास माणसे उभी असतात, मोबाइल सारखा वाजत असतो, आणि त्याच क्षणी त्याला "हो" किंवा "नाही" सांगायचे असते. अशा वेळी डोक्याचे काय होते आणि त्यावर आपल्या हातात काय उपाय आहे, याचा विचार या महिन्यात आम्ही करणार आहोत. त्यासाठी मुंबईच्या पूर्व टोकाला, ट्रॉम्बेला जाऊ. एका बाजूला देशाचे अणुसंशोधन केंद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडीलगतची चीता कॅम्पची दाट वस्ती. ताण आणि निर्णय यांचा धडा या दोन्ही ठिकाणी शिकता येतो.

ताणात डोके काय करते

आधी थोडे शरीराबद्दल. धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनलीन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. हृदय जोराने धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात. अंगावर बैल धावून आला तर ही व्यवस्था आपला जीव वाचवते. पळायचे की लढायचे, एवढाच प्रश्न तेव्हा असतो आणि त्याला फार विचार लागत नाही.

पण ट्रस्टच्या मीटिंगमध्ये बैल नसतो. तेथे दोन घरांचा वाद असतो, हिशेबाचा घोळ असतो, शाळेच्या फीचा प्रश्न असतो. अशा कामासाठी मेंदूचा कपाळामागचा भाग लागतो. पुढचा विचार करणे, चार बाजू तोलून पाहणे, जिभेला आवर घालणे ही त्याची कामे. ताण फार वाढला की नेमका हाच भाग मंदावतो आणि भीती व राग यांचा ताबा वाढतो. माणूस मग नवा विचार करत नाही, सवयीचे असेल ते करतो. ओरडायची सवय असेल तर ओरडतो, गप्प बसायची सवय असेल तर गप्प बसतो.

इस्रायलमधील मानसशास्त्रज्ञ गिओरा केनान यांनी १९८७ साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रश्नाला अनेक उत्तरे समोर ठेवून योग्य ते निवडायचे होते. ज्यांच्या मनावर धोक्याचे दडपण होते, ते सगळी उत्तरे पाहण्याआधीच एक निवडून मोकळे होत. जी पाहत, तीही क्रमाने न पाहता इकडून तिकडे उड्या मारत पाहत. आपल्या कमिट्यांमध्ये "आता चर्चा पुरे, एकदाचे ठरवून टाका" असे कोणी वैतागून म्हणतो तेव्हा हेच घडत असते. ठरवून टाकल्याने ताण कमी होतो. निर्णय चांगला झाला म्हणून तो कमी होतो असे नाही, विचार करणे थांबले म्हणून कमी होतो.

सगळा ताण वाईट, असेही नाही. परीक्षेची थोडी धास्ती असल्याशिवाय मुले पुस्तक उघडत नाहीत. यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९०८ सालीच दाखवून दिले की थोडा ताण काम सुधारतो आणि एका मर्यादेपलीकडे गेला की तोच काम बिघडवतो. काम जितके गुंतागुंतीचे तितकी ही मर्यादा लवकर येते. झाडू मारण्याचे काम रागातही नीट होते, वारसाहक्काचा वाद रागात सुटत नाही.

झोपेचेही तसेच. सलग सतरा-अठरा तास जागा असलेल्या माणसाची सावधता, थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी उतरते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. दारूला हात न लावणारे आपले कितीतरी नेक पुढारी अर्धवट झोपेत मोठमोठे निर्णय देत असतात, आणि आपणच रात्री एक वाजता त्यांचे दार ठोठावत असतो.

भिंतीच्या अलीकडे: अणुभट्टीचा धडा

आता ट्रॉम्बे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी येथे 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. पुढे १९६० साली 'सायरस' आणि ऑगस्ट १९८५ मध्ये 'ध्रुव' आली. अणुभट्टी म्हणजे अशी जागा, जिथे काही सेकंदांत चुकीचा निर्णय महागात पडू शकतो. मग तिथला साहेब फार थंड डोक्याचा निवडत असतील का? निवडत असतीलही, पण सारी भिस्त त्याच्यावर ठेवत नाहीत. उष्णता, दाब किंवा शक्ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की भट्टी आपोआप बंद होईल, अशीच तिची रचना असते. तेव्हा कोणाला विचारावे लागत नाही, कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. तो निर्णय महिनोन्‌महिने आधी, शांत खोलीत, चहा पीत, दहा जणांनी वाद घालून घेतलेला असतो. संकटाच्या क्षणी फक्त त्याची अंमलबजावणी होते.

हे का आवश्यक आहे, ते अमेरिकेतील थ्री माईल आयलंडच्या अपघाताने जगाला दाखवले. २८ मार्च १९७९ ची पहाट. भट्टीतील दाब सोडणारी एक झडप उघडी अडकून राहिली आणि पाणी बाहेर जाऊ लागले. समोरच्या फलकावरच्या दिव्यावरून मात्र ती बंद झाल्यासारखे वाटत होते. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या घंटा आणि दिवे सुरू झाले. भट्टी आपोआप बंद झाली होती आणि आणीबाणीचे थंड पाणीही आपोआप सुरू झाले होते, म्हणजे यंत्राने आपले काम बरोबर केले होते. पण पाणी प्रमाणाबाहेर भरू द्यायचे नाही, हे कर्मचाऱ्यांच्या मनावर प्रशिक्षणात पक्के बिंबवलेले होते. गोंधळात त्यांना तेच आठवले आणि त्यांनी ते पाणी कमी केले. भट्टीच्या गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला. ती माणसे अडाणी नव्हती की बेपर्वाही नव्हती. शंभर घंटा एकदम वाजू लागल्यावर माणूस सवयीचे काम करतो, तसे त्यांनी केले.

ट्रॉम्बेच्या 'ध्रुव'ची गोष्ट वेगळी आहे. ही भट्टी भारतीय इंजिनिअरांनी स्वतः बांधली होती. अनिल काकोडकरांसारखे शास्त्रज्ञ तिच्या कामात होते आणि देशाची प्रतिष्ठा तिच्याशी जोडलेली होती. सुरू झाल्यावर लक्षात आले की थंड करणाऱ्या जड पाण्याच्या प्रवाहामुळे इंधनाच्या जुडग्यांना कंप सुटतो आहे. अशा वेळी वरून दबाव असतो, वर्तमानपत्रे विचारत असतात, आणि "चालवून तर पाहू" असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. तेथे दोष शोधला गेला, रचनेत सुधारणा केली गेली आणि भट्टी पूर्ण क्षमतेला पोचायला १९८८ साल उजाडले. अडीच वर्षे उशीर झाला. हा उशीर पदरी घेण्यालाही नेतृत्वच लागते. दबावाखाली असलेल्या माणसाला थांबणे म्हणजे हार वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा तोच खरा निर्णय असतो.

भिंतीच्या पलीकडे: जनता कॉलनी ते चीता कॅम्प

आता त्याच केंद्राच्या शेजारची दुसरी गोष्ट पाहू. येथे जनता कॉलनी नावाची वस्ती होती. शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या गरिबांना महापालिकेनेच येथे आणून बसवले होते. लोकांनी दलदल भरून घरे उभी केली, मशीद, मंदिर, चर्च बांधले. पुढे अणुकेंद्राला ही जमीन हवी झाली आणि वस्ती हलवण्याच्या नोटिसा येऊ लागल्या.

या वस्तीत कोलार गोल्ड फील्ड्समधून आलेला एक तरुण सुतारकाम करून राहत होता. त्याचे नाव जोकिन अर्पुथम. मुलांसाठी शाळा चालवणे, साठलेला कचरा वस्तीतल्या पोरांना घेऊन थेट महापालिकेच्या कार्यालयापुढे नेऊन टाकणे, अशा कामांतून तो पुढारी झाला. वस्ती वाचवण्यासाठी मोर्चे काढले, वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. दिल्लीला जाऊन संसदेपुढे अठरा दिवस बसून इंदिरा गांधींची भेट मिळवली. कितीतरी वेळा अटक झाली.

एवढे करूनही आणीबाणीच्या काळात, १७ मे १९७६ रोजी, जनता कॉलनी हटवण्यात आली. सुमारे सत्तर हजार माणसांना खाडीच्या काठच्या सखल जमिनीवर नेऊन टाकले. तीच आजची चीता कॅम्प. आज तेथे मोठ्या संख्येने मुस्लिम कुटुंबे राहतात. अनेक घरांतल्या नान्या-दाद्यांना तो दिवस आठवत असेल.

या काळात पुढारी म्हणून वावरणाऱ्या माणसावर केवढा भार असेल याचा विचार करून पाहा. सत्तर हजार माणसे त्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि त्याच्या हातात जमीन नव्हती, पोलीस नव्हते, कायदा नव्हता, पैसाही नव्हता. जबाबदारी सगळी आणि ताबा कशावरच नाही.

आमच्या मते ताणाचे खरे मूळ येथे आहे. मोठी खुर्ची म्हणजे मोठा ताण, असा आपला समज असतो. २०१२ साली अमेरिकेत गॅरी शर्मन, जेनिफर लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी व लष्करी अधिकाऱ्यांची तपासणी केली. वरच्या पदावरच्या लोकांमध्ये कॉर्टिसॉल कमी आढळले, जास्त नाही. आपल्या कामावर आपला ताबा आहे ही भावना जितकी पक्की, तितका ताण कमी. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर मायकल मार्मट यांनी वर्षानुवर्षे केलेला अभ्यासही हेच सांगतो. हृदयविकार वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायऱ्यांवरच्या माणसांत अधिक होता, आणि कामावर ताबा नसणे हे त्याचे एक मोठे कारण होते.

याचा अर्थ असा की मोठ्या कंपनीच्या डायरेक्टरपेक्षा झोपडपट्टीतल्या कमिटीच्या सेक्रेटरीचे डोके लवकर तापते, आणि त्यात त्याचा स्वभावदोष नाही. डायरेक्टरच्या हाताखाली हिशेबनीस, वकील, ड्रायव्हर असतात. सेक्रेटरीच्या हातात असते एक फाटकी फाइल.

म्हणूनच जोकिन यांनी पुढे जे केले ते महत्त्वाचे आहे. एवढी वर्षे घोषणा देऊन, तुरुंगात जाऊन लोकांच्या हाती प्रत्यक्ष काय पडले, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर समाधानकारक नव्हते. त्यांनी लढण्याची पद्धतच बदलली. संकट आल्यावर धावण्याऐवजी संकटापूर्वी वस्तीच्या हातात काहीतरी असावे, यावर त्यांनी भर दिला. घरांची मोजणी, माणसांच्या याद्या, नकाशे, रोजची बचत ही त्यांची नवी हत्यारे झाली.

त्याच काळात मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांवर संकट आले. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि महापालिकेला फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याची मुभा मिळाली. शहरात दंगल पेटेल अशी हवा होती. तेव्हा शीला पटेल यांच्या 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. कोण कुठून आले, काय काम करतात, किती वर्षे राहतात, सगळे कागदावर आणले. भायखळा परिसरातल्या फुटपाथवरच्या बायका, ज्यांत मुस्लिम भगिनी पुष्कळ होत्या, एकत्र आल्या आणि १९८६ साली 'महिला मिलन' उभे राहिले. जोकिन यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघही त्यांच्यासोबत आला.

या बायकांनी काय केले ते घराघरांत सांगण्यासारखे आहे. त्यांनी रोज थोडे थोडे पैसे साठवून अडीअडचणीसाठी फंड उभा केला. कोणाचे मूल अचानक आजारी पडले, कोणाचे रेशन संपले, तर कोणाला किती द्यायचे याचे नियम त्यांनी आपसांत आधीच ठरवले. त्यामुळे रात्री दारात रडत आलेल्या बाईला सावकाराकडे जावे लागले नाही आणि द्यावे की न द्यावे म्हणून फंड सांभाळणारीला घाम फुटला नाही. तोडणारे पथक येणार असले तर आपली झोपडी आपणच उकलून सामान वाचवायचे, हेही त्या शिकल्या. पथकाशी झटापट नाही, भांडी-पत्रे जप्त नाहीत. संकट टळले नाही, पण त्यावर थोडा ताबा आला. आणि ताबा आला की डोके चालते.

जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी ते वारले. त्यांचे मोर्चे लोकांना आठवतात. आम्हाला त्यांच्या याद्या अधिक मोलाच्या वाटतात.

भिवंडीने काय केले

हीच गोष्ट दंगलीच्या बाबतीतही खरी आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगली पाहिल्या होत्या. १९८८ नंतर तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत कमिट्या उभ्या केल्या. हिंदू, मुस्लिम, यंत्रमाग चालवणारे, दुकानदार आणि त्या भागातले पोलीस नियमित एकत्र बसू लागले. नळाचे भांडण, पार्किंग, छेडछाड असे साधेच विषय असत. दंगलीचा विषय निघो न निघो, माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली.

डिसेंबर १९९२ आला आणि मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. त्या रात्री अफवा भिवंडीतही आल्याच असतील. पण खरे काय ते कोणाला विचारायचे, कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा, हे तिथल्या लोकांनी चार वर्षे आधीपासून ठरवलेले होते. आयत्या वेळी नवी माणसे शोधावी लागली नाहीत.

आपल्या परंपरेतला नियम

हे शहाणपण आपल्याला परके नाही. हजरत अबू बकरा (रजि.) यांचे पुत्र सिजिस्तानात काझी होते. त्यांना पाठवलेल्या पत्रात, रागात असताना दोघांमध्ये निवाडा करू नये ही प्रेषितांची (स.) ताकीद कळवलेली आहे. सहीह बुखारीत ही हदीस आहे. पुढच्या फकीहांनी या हुकुमामागचे कारण पाहिले. राग मन व्यापून टाकतो, म्हणून मनाई आहे. मग भूक, तहान, झोप, दुःख, आजार, यांनीही मन व्यापते. म्हणून अशा अवस्थेतही काझीने निवाडा देऊ नये, असे त्यांनी ठरवले. कॉर्टिसॉलचे नाव कोणाला ठाऊक नव्हते तेव्हा न्यायाच्या खुर्चीसाठी केलेला हा नियम आहे. आज मशिदीच्या कमिटीत, शाळेच्या ऑफिसात, जेवणाच्या दस्तरखानावर आपण सारेच लहानमोठे काझी असतो.

दुसरा प्रसंग हिजरी सन ६ मधला, हुदैबियाचा. उमरा न करता परतायचे ठरले होते. सहाबा दुःखी आणि सुन्न होते. कुर्बानी करा, डोके मुंडवा असे प्रेषितांनी (स.) सांगूनही कोणी उठेना. ते तंबूत आले आणि उम्मे सलमा (रजि.) यांना ही हकीकत सांगितली. त्यांनी सुचवले की आपण बाहेर जा, कोणाशी काही बोलू नका, आपली कुर्बानी करा आणि केस काढवून घ्या. तसे करताच सगळे उठून कामाला लागले. गर्दीच्या दडपणापासून थोडे बाजूला असलेल्या माणसाला पुष्कळदा मार्ग दिसतो, आणि ती व्यक्ती घरातच, आपल्या शेजारी बसलेली असू शकते. मोठ्यातल्या मोठ्या जबाबदारीच्या क्षणी बीबीचा मशवरा ऐकला गेला, हे आपल्या घरच्या पुरुषांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपण काय करावे

एवढ्या सगळ्यातून काय घ्यायचे? आम्हाला पाच गोष्टी सुचतात.

पहिली, शांत दिवसांत कागद करा. भर पावसात नाल्याचे पाणी चढले तर म्हाताऱ्यांना कोण उचलणार, मशिदीची वरची खोली कोण उघडणार, ॲम्ब्युलन्सला कोण फोन करणार? रात्री व्हॉट्सॲपवर भडकवणारा व्हिडिओ आला तर पोलीस ठाण्याशी कोण बोलणार, पोरांना घरात कोण आणणार, आणि लाउडस्पीकरला कोणी हात लावायचा नाही? एक पान पुरते. ते ऑफिसच्या भिंतीवर लावा. घरासाठीही असेच पान करता येईल. अचानक दवाखाना निघाला तर पैसे कुठले, कागदपत्रे कुठे, धाकट्यांपाशी कोण.

दुसरी, परतवता येणारे आणि न येणारे निर्णय वेगळे ओळखा. मीटिंगची वेळ चुकली तर उद्या बदलता येते. एखाद्याला जमातीतून काढणे, कोर्टात केस टाकणे, मुलाची शाळा सोडवणे, लग्न मोडणे, वाटणीच्या कागदावर अंगठा देणे, हे परत घेता येत नाही. असे निर्णय रागाच्या किंवा थकव्याच्या दिवशी करायचे नाहीत. मध्ये निदान एक रात्र आणि एक मशवरा हवाच.

तिसरी, ताणाची चिन्हे ओळखा. "दोनच मार्ग आहेत" असे वाटू लागले, कोणी साधा प्रश्न विचारला तरी आपल्याविरुद्ध बोलल्यासारखे वाटले, "आत्ताच्या आत्ता" हा शब्द दर वाक्यात येऊ लागला, की समजावे की आता आपले डोके अरुंद झाले आहे. पाणी प्यावे, वजू करावे, बसावे, आणि शक्य असेल तर म्हणावे, "मी सकाळी सांगतो."

चौथी, "नाही" म्हणणारा एक माणूस जवळ ठेवा. पुढाऱ्याभोवती "बरोबर आहे साहेब" म्हणणारे पुष्कळ जमतात. ताणात ते फार गोड लागतात आणि म्हणूनच धोक्याचे असतात. कमिटीत दोन बायका, एक तरुण आणि एक कमी बोलणारे बुजुर्ग असतील तर निम्मे काम होते.

पाचवी गोष्ट आपल्या सर्वांसाठी, म्हणजे जे पुढारी नाहीत त्यांच्यासाठी आहे. सदरसाहेबांना रात्री एक वाजता उठवण्याआधी विचार करा की हे सकाळपर्यंत थांबेल का. त्यांना फक्त तक्रार देऊ नका, हातात काही द्या. यादी करून द्या, हिशेब लिहून द्या, अर्ज भरून द्या, सोबत चला. घरात थोरली आपा सगळे निर्णय घेते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तिला कोण विचारते की तू जेवलीस का, झोपलीस का? तिच्या निर्णयाचा दर्जा तिच्या झोपेवर अवलंबून आहे, आणि त्या निर्णयावर सगळे घर.

ताण जाणार नाही. खाडीकाठी राहणाऱ्याला भरती चुकत नाही. पण भरतीची वेळ आधी माहीत असेल तर होडी आधी बांधून ठेवता येते. ट्रॉम्बेच्या कोळ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. पुढारी थकून सुन्न झाला तरी वस्तीचे चालले पाहिजे, अशी व्यवस्था ज्या वस्तीने निवांत वेळी करून ठेवली, तिथला पुढारी रात्री स्वस्थ झोपतो. आणि स्वस्थ झोपलेला पुढारी सकाळी बरोबर निर्णय देण्याची शक्यता अधिक असते.

येत्या जुम्म्यानंतर कमिटी बसेल तेव्हा कोणताही वाद नसताना, कोणतेही संकट नसताना, अर्धा तास काढा आणि ते एक पान लिहून टाका. विहीर खणायची ती अशाच दिवसांत.